भारोभार गूळ

धरणगावची एस.टी. जळगावच्या स्टँडातून हलली आणि रत्नप्रभाची नजर सवयीनं नवऱ्याच्या पट्ट्याकडे गेली. शेवटून दुसरं भोक. दीड महिन्यापूर्वीही हेच होतं.

"काय बघतेस?" रुपचंदनं विचारलं.

"काही नाही. मनू, डोकं आत घे."

तीन वर्षांची मनू दोघांच्या मध्ये उरलेल्या चिंचोळ्या जागेत आईच्या मांडीला चिकटून बसली होती. बाक तिघांचा होता. कंडक्टरनं येऊन एकदा बाकाकडे पाहिलं, एकदा रुपचंदकडे, आणि उभ्या माणसाला म्हणाला, "दादा, तुम्ही मागे बघा."

रुपचंद हसला. रत्नप्रभाला हसू आलं नाही. तिच्या पर्समध्ये स्टेशनवरच्या वजनाच्या मशीनची पाच तिकिटं रबर लावून ठेवलेली होती. त्र्याऐंशी, ब्याऐंशी, साडेऐंशी, एकोणऐंशी आणि गेल्या रविवारचं साडेअठ्ठ्याहत्तर. पाठीमागे भविष्य छापलेलं. शेवटच्यावर होतं, 'आपल्या कष्टाचे चीज होईल.' तिकिटं बघितली की तिला धीर यायचा, पट्टा बघितला की जायचा. दोन्ही खरं कसं असेल?

परवा मंगळवारी, एक जूनला, बँकेच्या डॉक्टरांकडे फेरतपासणी होती. एप्रिलमध्ये पहिली झाली तेव्हा त्यांनी रुपचंदच्या दंडाला पट्टा बांधला, पारा पाहिला, पुन्हा बांधला, पुन्हा पाहिला. एकशे साठ आणि एकशे चार. वय बत्तीस. वजन चौऱ्याऐंशी.

"काम काय करता?"

"कॉम्प्युटरवर असतो, साहेब."

"म्हणजे बसता."

रुपचंदला ते लागलं होतं. बँकेतला पहिला कॉम्प्युटर त्यानं चालू केला होता. पण डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा तो बँकेचा वसुलीवाला होता, सायकलवर दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर. अंग कसं, तर वेताच्या छडीसारखं. मग कॉम्प्युटर आला, गार खोली आली, दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी आली आणि रुपचंद चपला काढून सकाळी दहाला आत गेला की संध्याकाळी सातलाच पाय चपलेत घालायचा. सायकल जिन्याखाली गंजली, लूना आली. यंदा तर जानेवारीपासून दोन हजार सालाची भीती. एकतीस डिसेंबरला मशीनला तारीखच कळणार नाही म्हणे, म्हणून सगळ्या खात्यांच्या तारखा तपासायच्या. रविवारीसुद्धा खुर्ची सुटत नव्हती.

"सहा आठवडे देतो," डॉक्टर म्हणाले होते. "सहा किलो उतरवा, बीपी खाली आणा, मी सही करतो. नाहीतर मला अपात्र लिहावं लागेल."

अपात्र लिहिलं की कायमची ऑर्डर भटूला. भटू त्याच्याच खोलीतला दुसरा ऑपरेटर, यादीत त्याच्याखाली. चार वर्षं रुपचंद हंगामी होता. आता कायम झाला नाही तर परत सायकल आणि वसुली, आणि या अंगानं ते कसं जमायचं?

पण रत्नप्रभाला खरी भीती ऑर्डरची नव्हती. घराचा जिना अठरा पायऱ्यांचा. रुपचंद नवव्या पायरीवर थांबून खिशात किल्ली शोधायचा आणि पंधराव्या पायरीवर थांबून मनूला काहीतरी दाखवायचा. किल्ली तिच्या कमरेला असायची. तो दम खातोय हे तिला कळायचं आणि तिला कळतंय हे त्याला कळू नये म्हणून ती मागे वळून बघायची नाही. फक्त ऐकायची.

ती बी.ए. झालेली, तिनं वही घातली. तेल किती, भाकरी किती, भात बंद, रात्री फक्त ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि पालेभाजी. सकाळी साडेपाचला मेहरूण तलावापर्यंत चालणं. आणि दर रविवारी रुपचंद लूनावर स्टेशनला जाऊन तिकीट आणायचा. ती वहीत आकडा लिहायची.

तो आकडा तिनं माहेरी पत्रातही लिहिला होता. लिहावा लागला, कारण आज नवस फेडायचा होता.

---

"जवाईबापू उनात!" दारातच द्रौपदाबाईंनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. "काय वं रत्ना, कितला दुबळा करी टाका तू त्यास्ले! खावाले देस का नही?"

"माय, दुबळे? नीट बघ तरी."

"बघी ऱ्हायनू. तोंड उतरी गयं शे."

तोंड खरंच उतरलं होतं, पण ते स्टँडपासून उन्हात चालत आल्यामुळे. रुपचंद ओट्यावर टेकला. शर्ट पाठीला चिकटला होता. रत्नप्रभानं पाणी आणलं आणि त्याचा श्वास ऐकत उभी राहिली.

धोंड्याचा महिना होता. तीन वर्षांनी येणारा. जावयाला बोलवायचं, जेवू घालायचं, तेहतीस अनारसे ताटात ठेवून दिवा लावून द्यायचे. त्यात यंदा तो ऐन आंब्यात आलेला. आत चुलीवर मांड्यांचं खापर तापत होतं, रसाचं पातेलं पाण्यात ठेवलं होतं, पुरण भरलेले धोंडे वाफेवर होते आणि तुपाचा वास अंगणापर्यंत येत होता. परवा तपासणी, आणि आज हे. रत्नप्रभा गेले आठ दिवस मनातल्या मनात आईशी भांडत होती. 'एकच धोंडा वाढ.' 'तूप वरून नको.' 'आग्रह करू नको, माय, तुला माझी शपथ.' त्यातलं एकही वाक्य आईपुढे टिकणार नाही हेही तिला ठाऊक होतं.

पण जेवण नंतर. आधी नवस.

नवस द्रौपदाबाईंचा. जावई उन्हातान्हात सायकल मारतो याचं त्यांना फार वाईट वाटायचं. त्या देवीला बोलल्या होत्या, 'मन्हा जवाईले खुर्ची भेटू दे, त्यान्हा भारोभार गूळ वाटसू.' खुर्ची मिळाली. नवस मात्र दर वर्षी पुढे गेला. कधी मनूच्या वेळचं बाळंतपण, कधी आबांचा पाय. शेवटी ठरलं, धोंड्याच्या महिन्यात दान केलेलं चांगलं, तेव्हाच फेडू.

आबा, म्हणजे रत्नप्रभाचे वडील, नाव आधार, गावच्या जिनिंगमध्ये चौतीस वर्षं मापाडी होते. कापसाच्या गाडीकडे बघून ते वजन सांगत आणि काटा नुसता हो म्हणे, असं लोक बोलायचे. देवळात तराजू नाही, म्हणून आबांनी शेठना विचारून जिनच्या आवारातला जुना मोठा तराजू मागून घेतला होता. हंगाम संपलेला, आवार रिकामं. सरकी झाडायला आलेल्या बायका तेवढ्या होत्या. गूळ त्यांनाच वाटायचा होता.

"तुझं पत्र पाहिलं," चालता चालता आबा लेकीला म्हणाले. "साडेअठ्ठ्याहत्तर लिहिलंस. मी दहा किलोच्या आठ ढेपा आणल्या. दीड किलो देवीला जास्त."

"हो, आबा."

आबांनी पुढे चाललेल्या जावयाकडे पाहिलं. पाठीपासून टाचांपर्यंत. मग नजर रस्त्याकडे वळवली. वडिलांची ही नजर तिनं लहानपणी शंभरदा पाहिली होती. शेतकरी बारा मण सांगायचा, आबा गाडीकडे असेच बघायचे आणि गप्प राहायचे, आणि काटा वेगळंच सांगायचा.

---

तीन वाशांच्या तिकाटण्याला टांगलेला तो तराजू माणूसभर उंच होता. साखळदंडांना दोन फळ्या. एका फळीवर द्रौपदाबाईंनी हळदकुंकू वाहिलं, पाट ठेवला. रुपचंद चपला काढून पाटावर मांडी घालून बसला. फळी जमिनीला टेकली.

"फोटो काढा रे कोणी," तो म्हणाला. बायका हसल्या.

नथ्थू हमालानं दुसऱ्या फळीवर ढेपा मांडायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. द्रौपदाबाई प्रत्येक ढेपेवर फूल टाकत होत्या. पाच. सहा. सातव्या ढेपेला बायका सरसावून बसल्या, आता जावई वर जाणार. मनू टाळ्या वाजवत होती. नथ्थूनं आठवी ठेवली आणि हात झटकून बाजूला झाला.

फळी हलली नाही.

म्हणजे तसूभरही हलली नाही. रुपचंद जमिनीवर बसल्यासारखा बसून होता.

"आबा, तराजू गंजना वाटस!" नथ्थू म्हणाला.

"तराजू गंजत नाही, नथ्थू."

"मंग जवाईबापूसना खिसामा धोंडा शे का? महिनाच धोंडाना शे!"

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "खुर्चीबी संगे आनी का काय!" हशा अख्ख्या आवारात पसरला. रुपचंदही हसत होता, पण त्याचे कान लाल झाले होते, आणि त्यानं रत्नप्रभाकडे मात्र एकदाही पाहिलं नाही. ती त्याच्याकडेच पाहत होती.

आबांनी हसणाऱ्यांकडे लक्ष दिलं नाही. गोदामाच्या दाराशी वजनं रचून ठेवलेली होती. त्यांनी पाच किलोचं लोखंडी वजन दोन्ही हातांनी उचललं आणि गुळाच्या ढेपांवर ठेवलं. साखळदंड करकरला. रुपचंदची फळी जरा सुटली आणि पुन्हा टेकली. आबांनी एक किलोचं ठेवलं.

तराजू सावकाश समेवर आला.

"शहाऐंशी," आबा म्हणाले. हळूच, पण मापाड्याचा आवाज तो, आवारभर गेला.

हसणं थांबलं. द्रौपदाबाईंनी कपाळाला हात लावला. "मन्हा नवस अधुरा ऱ्हायना, माय वं! गूळ कमी पडना! आते देवीले काय सांगू?"

रत्नप्रभाला गूळ दिसतच नव्हता. शहाऐंशी. चौऱ्याऐंशीचे शहाऐंशी. दीड महिना पहाटे उठणं, कळण्याची भाकरी, वही, पाच तिकिटं, सगळं करून दोन किलो वाढलं होतं. आणि मध्ये एकच दिवस. पारा वर चढताना तिला डोळ्यांसमोर दिसला. एकशे साठच्याही वर.

तिनं पर्समधून तिकिटं काढली आणि फळीवरून उतरणाऱ्या नवऱ्यापुढे धरली.

"ही कुणाची?"

"माझीच."

"खरं सांगा."

"माझीच गं. शपथ." तो चपला पायात सरकवत होता, खाली बघत. "एक नंबर फलाटावरच्या मशीननं त्र्याऐंशी दाखवलं. पुढच्या आठवड्यात पंच्याऐंशी दाखवलं. म्हटलं, बिघडलंय. मग तीन नंबरवर गेलो. तिथे ब्याऐंशी आलं. मग तेही वाढायला लागलं... बाहेर तिकीटघराजवळ एक आहे, ते सगळ्यात हलकं आहे, दर खेपेला कमीच दाखवतं."

"म्हणजे तुम्ही मशीन बदलत होतात."

"तू वहीत लिहायचीस ना," रुपचंद म्हणाला. "आकडा कमी झाला की तुझा चेहरा कसा व्हायचा. मला वाटलं, मंगळवारपर्यंत खरोखर उतरेल."

तिनं तिकिटांना पुन्हा रबर लावलं. बोलली असती तर रडली असती, आणि नथ्थूसमोर तिला रडायचं नव्हतं.

---

ऑफिसच्या सावलीत शेठच्या माणसानं चहा पाठवला. रुपचंदनं कप घेतला, बशीत ओतला, एका घोटात संपवला, आणि मोकळा कप पुढे केला. माणसानं न विचारता तो पुन्हा भरला.

आबा बघत होते. "जवाईबापू, दिवसाला किती होतात?"

"काय, चहा? मोजला नाही कधी."

"मोजा की. माझा धंदाच तो."

रुपचंद बोटांवर मोजायला लागला. "ती खोली फार गार असते, आबा. मशीनसाठी. मेमध्येसुद्धा हात गारठतात. मग तासातासाला वाटतं, घोटभर घ्यावा. आत खायला बंदी आहे, कण पडतात, मुंग्या येतात. पण चहाचा पोऱ्या खिडकीतून कप देतो. उठावं लागत नाही. सकाळी तीन... जेवणानंतर... प्रिंटर लागला की दोन..." तो थांबला. "दहा होत असतील."

"आणि घरी दोन," रत्नप्रभा म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. ते दोन ती स्वतः करून द्यायची. तलावावरून आल्या आल्या, चालून दमला म्हणून.

"साखर?"

"दोन चमचे."

"चमच्याला पाच ग्रॅम धरू," आबांनी डोळे मिटले. "बारा कपांचे चोवीस चमचे. एकशेवीस ग्रॅम. बेचाळीस दिवस." ते उठले, तराजूकडे गेले, गुळावरचं ते पाच किलोचं वजन उचलून आणलं आणि जावयाच्या पायांपुढे ठेवलं. मातीत ठप्प आवाज झाला. "एवढी साखर. या दीड महिन्यात. नुसती चहातून."

रुपचंद त्या लोखंडाकडे बघत राहिला.

रत्नप्रभाच्या वहीत तेलाचा थेंब न् थेंब होता. चहा नव्हता. चहा काय खाण्यात मोडतो? उपासालाही चालतो. तिला आठवलं, एकादशीला रुपचंदनं दिवसभर काही खाल्लं नव्हतं आणि तिनं वहीत मोठ्या समाधानानं लिहिलं होतं, 'निरंक.'

"आणि खुर्ची मिळण्याआधी सायकलवर पंचवीस किलोमीटर जायचात," आबा म्हणाले. "आता खुर्चीतून खिडकीपर्यंत हात."

द्रौपदाबाईंना मात्र नवसाचीच काळजी. "नथ्थूले बाजारमा धाडा, सहा किलो गूळ आना, म्हंजे पूरा व्हई जाई."

"नाही," आबा म्हणाले.

"म्हंजे?"

"भारोभार बोललीस ना? आठ ढेपा आणल्या आहेत. त्यात मी गूळ घालणार नाही. आता जावईच उतरेल तेव्हा नवस फिटेल."

"आन देवी?"

"देवी थांबेल. ती काय आपल्यासारखी घाईत आहे?"

त्या दिवशी ताटावर रत्नप्रभाला भांडावं लागलं नाही. द्रौपदाबाई तिसरा धोंडा घेऊन आल्या तेव्हा रुपचंदनं ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "अक्का, पाया पडतो. परवा तपासणी आहे." त्या जरा वेळ पळी धरून उभ्या राहिल्या. मग तो धोंडा त्यांनी मनूच्या ताटात टाकला आणि पदरानं डोळे पुसत आत गेल्या. अनारसे डब्यात भरून दिले, तेहतीसच्या तेहतीस, पण रत्नप्रभाच्या हातात.

---

मंगळवारी पारा एकशे छप्पन्नला थांबला. डॉक्टरांनी पेन उचललं. रत्नप्रभा दारातच उभी होती, तिला ते पेन दिसत होतं.

"साहेब, एक सांगायचंय," रुपचंद म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगितलं. तिन्ही मशीनं, बारा कप, आबांचा तराजू. डॉक्टर आधी हसले, मग हसायचे थांबले.

"बँकेची यादी कधी जाते?"

"पाच जुलैला."

"मग एक तारखेला या. शेवटचं. आणि येताना तिकीट आणू नका."

तो एक महिना रत्नप्रभा कधी विसरली नाही. वही तिनं बंद केली, कारण वहीनं तिला फसवलं होतं असं तिला वाटत होतं, की तिनंच वहीला, कोण जाणे. पहिले चार दिवस बिनचहाचा रुपचंद डोकं धरून बसायचा, मनूवर ओरडायचा, एकदा ताट ढकललं. तिनं सांडलेलं पुसून घेतलं. जिन्यात मात्र कान देऊन असायची. नववी पायरी. पंधरावी. दर रविवारी तिघं धरणगावला जायची आणि आबा आठ ढेपा चढवून वर वजनं ठेवायचे. पाच किलो. मग चार. एकदा पुन्हा साडेचार.

एक जुलैला डॉक्टरांनी पट्टा दोनदा बांधला. एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी. वजन साडेब्याऐंशी.

"चार किलोसुद्धा नाही झालं," ते म्हणाले. "पण उतरतंय." आणि सही केली.

ऑर्डर आली, पेढे वाटले गेले, आणि रत्नप्रभाची भीती दुप्पट झाली. आता कुणी तपासणार नव्हतं. आता खुर्ची कायमची. तराजूवर अजून अडीच किलो बाकी होते, गुळाच्या ढेपा आबांच्या माळ्यावर फडक्यात बांधून होत्या, मुंग्या लागल्या म्हणून माय येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती निरोप पाठवत होती. पण निरोपानं कुणी खुर्चीतून उठतं का?

आठवड्यानं रुपचंद डबा विसरून गेला. मनूला शेजारी ठेवून ती डबा घेऊन बँकेत गेली. दुपारचे बारा वाजले होते. पहिल्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला ती गार खोली. दाराशी पाटीखाली एकच चपलांचा जोड होता. भटूचा.

रुपचंदच्या चपला नव्हत्या.

काचेतून तिला त्याची खुर्ची दिसली. रिकामी, जरा तिरकी झालेली, कुणीतरी घाईनं उठल्यासारखी. त्या खोलीत शिरलेला माणूस सातपर्यंत बाहेर येत नाही. त्याला काहीतरी झालं. त्याला कुठेतरी नेलं. तिनं काचेवर चापट मारली तशी डबा खणखणला.

भटू दचकून दाराशी आला. "वहिनी? काय झालं?"

"हे कुठे आहेत?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

"अहो, दर तासाला जातात. आत चहा येऊ द्यायचा नाही असा नियमच केलाय त्यांनी, खिडकीला कडी घातली. मलाही देत नाहीत! प्यायचा तर म्हणे चपला घाल, जिना उतर, पोस्टापर्यंत जाऊन ये, मग बिनसाखरेचा पी. माझं काय वजन आहे का, वहिनी? मी वाळून जाईन." तो काकुळतीला आला होता. "तुम्ही सांगा ना त्यांना."

ती बोळातल्या खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर, डोक्याला रुमाल गुंडाळून, रुपचंद पोस्टाकडून परत येत होता. भरभर नव्हे, पण न थांबता. लिंबाच्या सावलीत चहाची गाडी होती. तो तिथवर आला, गाडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि पुन्हा पोस्टाकडे वळला. शर्ट खोचलेला होता. इतक्या वरूनही तिला पट्ट्याचं सुटं टोक दिसलं. ते कडीतून सुटून मांडीवर हलत होतं.

त्यानं वर पाहण्याआधी ती खिडकीतून मागे सरली. डबा भटूच्या हातात दिला.

"मी आले होते म्हणून सांगू नका."

"मग डबा कुठून आला म्हणून सांगू?"

रत्नप्रभा जिन्याकडे वळली होती. "सांगा," ती म्हणाली, "चालत आला."